ग्राफसाहेबांना परत बोलावलं

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. सांगितला की लोक आधी पोट धरून हसतात आणि मग चहाच्या कपात बघत बसतात. पण आज विषय निघालाच आहे, तर ऐका. माणसाने माती किती खावी याला काही मर्यादा? मी खाल्ली ती ढेकळासकट!

२०१४ मध्ये आम्ही जर्मनीत रेगेन्सबर्गला होतो. मी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, बायको मंजिरी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करायची. खालच्या मजल्यावर राहायच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, फॉन आल्टेनरीड. वय ब्याऐंशी, पाठ ताठ, घरात एकट्या. त्यांचे पणजोबा ग्राफ, म्हणजे आपले सरदार म्हणा. पेशव्यांचे वकील असायचे ना दरबारोदरबारी, तसे हे एकोणिसाव्या शतकात आपल्या राजाचे वकील म्हणून देशोदेशी फिरलेले.

बाईंनी या पणजोबांचं चरित्र लिहिलं होतं. टाइप केलेली नव्वद पानं! छापायला कोणी तयार नाही, फ्रँकफर्टच्या मुलाला वाचायला वेळ नाही. मग सापडलो कोण? अस्मादिक!

दर मंगळवारी चार वाजता कॉफी ठरलेली. त्या माझं जर्मन सुधारायच्या आणि मी ग्राफसाहेबांचे पराक्रम ऐकायचो. साहेब जातील तिथे घोळ घालायचे. पीटर्सबर्गला चुकीच्या माणसाला पत्त्यांत हरवलं, लिस्बनला एका राजकन्येच्या गाण्यात जांभई दिली. मग राजा त्यांना परत बोलवायचा आणि आणखी बऱ्या दरबारी पाठवायचा. या परत बोलावण्याला जर्मनमध्ये म्हणतात 'आप्बेरूफन'. मला शब्द एवढा आवडला की ऑफिसात कोणाची बदली झाली तरी मी तोच वापरायचो.

"हेर देशमुख, वाचताय ना?" त्या दर वेळी विचारायच्या. हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे!

"हो, हो! निम्मं झालं."

साफ खोटं! मी बाराव्या पानावर होतो, आणि तिथेच मुक्काम ठोकला होता. ते लांबलचक जर्मन वाक्य, क्रियापद शेवटी, तोवर मी झोपलेला.

एका मंगळवारी त्यांनी विचारलं, "शेवट कसा वाटला?"

"फार सुंदर!"

"काही विचारायचं नाही? शेवटच्या पानाबद्दल?"

"छे, सगळं समजलं!"

त्यांनी केकची बशी माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "बरं तर, केक घ्या." मी दोन तुकडे घेतले.

शनिवारी मुलगा आला आणि छोटी बॅग घेऊन बाईंना गाडीतून घेऊन गेला. मी खिडकीतून हातसुद्धा हलवला. पुढच्या आठवड्यात पोस्टाने कार्ड आलं. वर लिहिलं होतं 'आप्शीड', म्हणजे निरोप. खाली, फ्राऊ फॉन आल्टेनरीड यांना मंगळवारी 'आप्बेरूफन' केलं गेलं. शुक्रवारी अकरा वाजता यावं, पत्ता चर्चचा.

"मंजू, मुलाने फ्रँकफर्टला बोलावून घेतलं बघ त्यांना! निरोपसमारंभ आहे."

"अरे, पण ही काळी किनार कसली?"

"खानदानी लोक आहेत. साधंच ठेवतात."

"कोणी गेलं-बिलं नाही ना?"

"वर 'अशुभ' लिहिलंय का कुठे? नाही ना? मग!"

शुक्रवारी मंजिरीची मीटिंग होती, म्हणून मी एकटाच निघालो. अंगात लग्नातला केशरी कुर्ता, एका हातात शेवंतीची फुलं, दुसऱ्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. दारात मुलगा उभा. काळा सूट. आतलेही सगळे काळ्या कपड्यांत. म्हटलं, काय रुबाब आहे!

"हार्दिक अभिनंदन!" मी त्याचा हात गदागदा हलवला. "शेवटी बोलावून घेतलंत तर!"

"मी?"

"मग कोण? किती दिवस एकट्या काढणार होत्या! नवी जागा कशी आहे? ऐसपैस आहे ना?"

तो बाजूला झाला. आत, अगदी समोर, फुलांच्या ढिगाखाली लाकडी शवपेटी होती.

"पुरेशी आहे," तो म्हणाला.

लाडवांचा डबा मी पाठीमागे लपवला. केशरी कुर्ता कुठे लपवू? त्यातल्या त्यात शेवंती तेवढी बरोबर निघाली, कारण तिकडे ती थडग्यावरच वाहतात.

मला हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं हो! पण त्याने माझा हात धरला. "तुम्हीच हेर देशमुख ना? हॉस्पिटलमध्ये आई सारखं सांगत होती, माझं पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा जगात एक तरी माणूस आहे. मी मुलगा असून वाचलं नाही. तुम्ही खरंच वाचलंत?"

आता तरी खरं बोलावं की नाही?

"गेनाऊ, अगदी खरं," मी म्हणालो. त्या पेटीसमोर उभं राहून म्हणालो!

घरी आलो तो तसाच टेबलाशी बसलो आणि डिक्शनरी घेऊन तेरावं पान उघडलं. संपवायला रविवार उजाडला. चांगलं लिहिलं होतं हो बाईंनी! आठ-दहा ठिकाणी तर मी एकटाच मोठ्याने हसलो. खाली जाऊन त्यांना सांगावंसं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं.

शेवटच्या पानावर ग्राफसाहेब म्हातारे होऊन गावी परततात आणि एका सकाळी त्यांना शेवटचं 'आप्बेरूफन' येतं. या वेळी बोलावणारा राजा नसतो. त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती, आणि समासात बाईंच्या अक्षरात एक ओळ.

'हेर देशमुख, इथे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. मंगळवारी मला विचारा.'

नव्वद पानांतली ही एकच ओळ मला डिक्शनरी न उघडता कळली.