थापाकाकांची सहावी जखम

"कण्यातून पायांकडे जाणाऱ्या नसा दबल्या आहेत. उशीर झाला तर चालणं कायमचं बंद होईल," परभणीच्या डॉक्टर मॅडमनी सांगितले. या विकारास 'लंबर कॅनाल स्टेनोसिस' म्हणतात. म्हणजे मणक्यातील नसांची वाट अरुंद होणे.

रुग्ण थापाकाका मूळचे नेपाळचे. आपल्या भारतीय फौजेत लढले, जखमी झाले, नंतर पूर्णा येथे गोदामाचे राखणदार झाले आणि तेथीलच द्वारकाकाकूंशी विवाह करून स्थायिक झाले. मी त्यांचा शेजारी व अर्जनवीस. शिक्षण नववीपर्यंतच असले तरी कागदाच्या बाबतीत लोक मला विचारतात. त्यामुळे दवाखान्याचे काम ओघानेच मजकडे आले.

मॅडमनी एमआरआय सांगितला. एमआरआय म्हणजे प्रचंड चुंबकाच्या बोगद्यात निजवून काढलेले चित्र. अंगात लोखंड असल्यास चुंबक ते हलवू शकतो, म्हणून आधी विचारतात. काका म्हणाले, "काही न्हाई."

तोच मी, माहिती परिपूर्ण असावी म्हणून, काकांच्या घरजागेच्या अर्जाची नक्कल सादर केली. तीत होते: 'अर्जदाराच्या छातीत, खांद्यात, दंडात, मांडीत व पोटरीत कपच्या घुसल्या, शिवाय सर्वांगावर असंख्य.'

मॅडमनी ती दोनदा वाचली आणि एमआरआय थांबवला.

वस्तुतः काकांनी मला दंडावरची एकच जखम सांगितली होती. उरलेल्या जखमा नव्या अर्जागणिक वाढल्या. एका जखमेच्या अर्जाकडे साहेब मान वर करून पाहत नाहीत, असा माझा अनुभव आहे. हे मी मॅडमना कबूल केले. पण त्यांनी आता कोणाच्याच तोंडी शब्दावर विसंबण्यास नकार दिला.

दोन दिवस अंगभर एक्स-रे निघाले. तिकडे काकांचा डावा पाय उचलेना.

"वकीलसायेब," काकू मला म्हणाल्या, "तुमी गप बसले असते तर फोटू कालच निघला असता."

तिसऱ्या दिवशी निकाल आला. अर्जातील पाचही जागा स्वच्छ होत्या. मात्र बैठकीच्या भागात, हाडालगत, हरभऱ्याएवढी धातूची कपची होती.

काका भिंतीकडे पाहू लागले.

"चाळीस वर्सं मला सांगायलेत, तिथं गळू झालतं म्हणून," काकू म्हणाल्या.

"मागून लागली म्हणलं की लोक इचारणार, पळायलता का," काका पुटपुटले. "पळतच होतो. पाठीवर दोस्त होता. त्याचा पाय गेलता."

काकूंनी काकांच्या पायावरची चादर नीट केली.

"ते 'असंख्य' लिहिलं नसतं, तर मी तिथं पाहिलंच नसतं," मॅडम मला म्हणाल्या. "पण पुन्हा असं लिहू नका."

मग एमआरआयऐवजी सीटी स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी घेतलेली आडवी चित्रे, काढून शस्त्रक्रिया झाली. मॅडमचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे उपकार शब्दातीत आहेत. वाचकांस विनंती की, घरात जुना जखमी माणूस असल्यास त्यास एकांतात, न हसता, सर्व जागा विचाराव्यात. मीही आता आधी विचारतो, मग लिहितो.

आठव्या दिवशी काका माझ्या खांद्याला धरून व्हरांड्यात चालले. मी विचारले, "तो दोस्त वाचला का?"

"वाचला की. दर दसऱ्याला फोन करतो. नेपाळीत बोलतो म्हणून हिला कळलं न्हाई. पहिलं इचारतो, नीट बसायलास का?" काकांनी आणखी एक पाऊल टाकले. "औंदा सांगतो, चालायलोय म्हणून."