राजाच्या मातीला

खांद्यावर टॉवेल टाकून आमच्या दारात उभं राहायचं आणि हळू आवाजात विचारायचं, "मातीला येतासा?" ही सुभेदारांची पद्धत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहाचा कप तसाच ठेवून मी चपला शोधायला लागलो. कोण गेलं म्हणून विचारलं.

"राजा वारला," ते म्हणाले. "झाली की शंभर वर्सं."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणावं?

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी साताऱ्याच्या एस.टी. ऑफिसात लागलो, तेव्हा ते आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. मूळचे म्हसवडकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. विलायतेकडे कुणी राजा-राणी गेली की तिकडचे लोक त्या अंत्ययात्रेची आठवण म्हणून काशाचे बिल्ले ओतत. तळहाताएवढे, काळे, चांगले जड. एका बाजूला मेलेल्याचा चेहरा. दुसऱ्या बाजूला शवपेटी, तोंड झाकून रडणारी बाई, नाहीतर स्वार नसलेला घोडा. सुभेदार हे बिल्ले जमवायचे. काही पुण्याच्या जुन्या बाजारातून, काही पलटणीतल्या एका जुन्या साहेबाकडून. नवा बिल्ला आला की ते जमिनीवर पांढरी चादर अंथरत, मधोमध बिल्ला ठेवत, आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून गप्प बसत असू. मग ते मयताची हकिकत सांगत. थोडी ऐकलेली आणि बरीचशी मनची, असा माझा आपला संशय.

पेठेतलं दुसरं कुणी कधी आलं नाही. मढ्यांचा बाजार म्हणायचे त्यांच्या खोलीला. मी परत आलो की आमची ही दाराबाहेर पाण्याची बादली ठेवून उभी. अंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

सुभेदारांचा मुलगा सांगलीला होता, साखर कारखान्यात. बापाला घेऊन जायला तो सारखा यायचा. पण सुनेची एकच अट होती, लेकराबाळांच्या घरात ही मढी नकोत. इकडे नातवासाठी म्हाताऱ्याचा जीव तुटायचा. त्याच्यासाठी कंदी पेढे आणून ठेवायचे आणि खराब व्हायच्या बेताला आले की आमच्याकडे द्यायचे. पण बिल्ले काही सोडवत नव्हते.

एकदा मला रागच आला. जिवंत नातू सोडून हे मेलेले राजे कशाला कवटाळून बसलाय, असं मी तोंडावर विचारलं. त्यांनी चादरीची घडी घातली. मग सांगितलं. लढाईत ते इटलीत असताना इकडे गावात त्यांची बायको गेली. खबर पोचली तोवर तिचं वर्षश्राद्धही उरकलं होतं. त्याच आठवड्यात तिथल्या भंगारवाल्याकडे त्यांना एका राणीचा बिल्ला दिसला.

"हिच्या मातीला गाव लोटल्यालं," ते म्हणाले. "म्हटलं, आपलीची माती तर घावली न्हाई. हिच्या तरी जावं."

घरी येऊन हिला सांगितलं. त्या संध्याकाळपासून तिनं त्यांना भाकरी-कालवण द्यायला सुरुवात केली. माझी बादली मात्र चुकली नाही.

पुढे मोतीबिंदू काढायला ते मिरजेला गेले. किल्ली आमच्याकडे होती आणि दसरा तोंडावर आलेला. हिनं आमची पितळी भांडी घासली आणि तोच हात पुढे चालवला. चिंच, राख, काथ्या. कितीतरी वर्षांचा काळा रंग एका दुपारी मोरीतून वाहून गेला. मी येऊन बघतो तर सगळे बिल्ले लखलखताहेत. मी कपाळाला हात लावला. असल्या जुन्या वस्तूचा जीव त्या काळ्या रंगातच असतो, हे सुभेदारांनीच मला सांगितलं होतं. हिचं म्हणणं, मढ्यासारखे काळे दिसतात म्हणून सून घेत नसेल, आता घेईल.

सुभेदार आले ते जाड भिंगाचा नवा चष्मा लावून. आधी एका बिल्ल्यावरून अंगठा फिरवला, मग तो डोळ्यांजवळ नेला. चेहरा उतरला. ही दारात कौतुकाची वाट बघत उभी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "लय बेस केलंसा, वैनी."

बाहेर ओट्यावर आल्यावर मला म्हणाले, "समद्यांचं सुतक फेडलं की वो वैनींनी. आता हितं कशाला थांबू?"

ते सांगलीला गेले. जाताना इटलीतला तो राणीचा बिल्ला त्यांनी हिच्या हातात ठेवला आणि हा घासू नका, एवढंच सांगितलं. तेव्हा कुठे हिला उमगलं. त्या रात्री ती जेवली नाही.

एकदा मी त्यांना भेटून आलो. नातू मांडीवर होता. सुनेनं बिल्ले काचेच्या कपाटात मांडले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होती. नवा बिल्ला आला का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"हितं मातीला कुनाला हाक मारू?"

ते गेले, ते आम्हाला कळलं तेव्हा तेराव्यालाही महिना लोटला होता. सांगलीहून गाडी घेऊन आलेल्या एका ड्रायव्हरनं बोलता बोलता सांगितलं. मी घरी येऊन हिला सांगितलं. आत जाऊन तिनं धुतलेली पांढरी चादर काढली, जमिनीवर अंथरली आणि मधोमध राणीचा बिल्ला ठेवला. कडेकडेनं तो पुन्हा काळा पडायला लागला होता. मग खुंटीवरचा टॉवेल काढून तिनं माझ्या खांद्यावर टाकला.

"चला," म्हणाली, "मातीला."

आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. त्या दिवशी तिनं दाराबाहेर बादली ठेवली नाही.