सिताराम मास्तरांची नावेतली सुट्टी

सिताराम मास्तरांनी आयुष्यात एकच सहल काढली, आणि तिच्याबद्दल ते आपणहून कधी बोलले नाहीत.

दुष्काळ सरल्यावर, त्र्याहत्तर साली, गोदावरी दोन्ही थड्या भरून वाहत होती. मास्तर तेव्हा सोनपेठजवळच्या एका शाळेत शिकवत. काश्मिरात लोक नावेतच बिऱ्हाड थाटून सुट्टी घालवतात, असं त्यांनी मासिकात वाचलं आणि बायकोला, सत्यशीलाला, मोठ्यानं वाचून दाखवलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी किशनराव नावाड्याची मोठी नाव चार दिवसांसाठी भाड्यानं ठरवली. किशनरावानं तिच्यावर बांबू नि तट्ट्यांचं छप्पर घालून दिलं. स्वयंपाकाला त्याची बायको पंचफुला सोबत येणार होती.

सगळं ठरल्यावर किशनराव म्हणाला, "मास्तर, तुमी कोण म्हणायचं? भांडी आमची हायेत, म्हणून इचारलं."

मास्तर बौद्ध होते. सतरा वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी घरातले देव याच नदीत सोडले होते. पण ठरलेली नाव हातची जाईल या धास्तीनं ते म्हणाले, "मराठा."

घरी येऊन त्यांनी आईला, सरजाबाईंना, बजावलं की नावेत असेपर्यंत कुणाला जय भीम म्हणायचं नाही. आई नावेत चढली खरी, पण पंचफुलाच्या घागरीला तिनं हात लावला नाही. काठाशी वाकून नदीचंच पाणी ओंजळीनं प्यायली. सत्यशीलाही दिवसभर पाण्याकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव एका गावच्या घाटाला लागली. धुणं धुणाऱ्या बायकांतून एक म्हातारी लगबगीनं उठली. ती मालनबाई, सरजाबाईंची माहेरची सोबतीण. याच गावात दिली होती. ओले हात जोडून ती म्हणाली, "सरजा, जय भीम. इकडं कुठं गं?"

सरजाबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं. मग पदर पुढं ओढला आणि तोंड फिरवलं.

मालनबाईंचे हात थोडा वेळ तसेच जोडलेले राहिले. मग त्या खाली बसल्या आणि पुन्हा लुगडं घासू लागल्या.

किशनरावानं सगळं ऐकलं होतं. तरी नाव बरीच पुढं गेली तेव्हा कुठं मास्तरांची जीभ उचलली. खोटं बोललो, आम्ही बौद्ध आहोत, असं त्यांनी सांगितलं. किशनरावानं नाव माघारी वळवली. पंचफुला घागर उपडी करून राखेनं घासत बसली. मास्तरांना त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. समोर आई अजून पदराआडच होती.

चार दिवसांनी मास्तर आईला घेऊन एसटीनं मालनबाईंच्या गावी गेले. दारातच त्यांनी हात जोडले. "मावशी, जय भीम. त्या दिवशी आईचा दोष न्हवता. मीच तिला..."

मालनबाईंनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "जय भीम, बाबा. ऊन लय होतं त्या दिशी. मला बी नीट दिसलं न्हाई, कोण हाय ते."

सकाळचं कोवळं ऊन होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मालनबाईंनी सरजाबाईंचा हात धरून त्यांना आत नेलं. थोड्याच वेळात दोघींच्या माहेरच्या गोष्टी बाहेर ऐकू यायला लागल्या. मास्तरांनाही आतून दोनदा हाक आली. ते ओट्यावरच बसून राहिले.