मावशी ताटावरून उठली

शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या गळ्यात दिवसभर टेप असायची आणि घरी जेवतानाही तिचं मोजमाप थांबायचं नाही. "भात पुरे, कंबर बघ," असं ती स्वतःला म्हणायची आणि लेकीलाही. आठवड्याचा स्वयंपाक ती रविवारीच ठरवून टाकायची. मग कुणाला काही वेगळं खावंसं वाटलं तरी त्यात बदल नाही.

एकदा तिची धाकटी बहीण, दवाखान्यातली नर्स, ड्युटी संपवून थेट जेवायलाच आली. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तिनं पुन्हा भात घ्यायला हात पुढे केला, तर आठ वर्षांची भाची म्हणाली, "मावशी, पुरे. कंबर बघ जरा."

शब्द आईचे, सूरही आईचाच. मावशी हसली खरी, पण ताटावरून उठली.

"अगं, बस ना," बाई म्हणाली.

"पोट भरलं, ताई."

बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीवर ओरडायला तिला तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरलेलं काहीच केलं नाही. "काय खावंसं वाटतंय?" तिनं विचारलं. लेक गोंधळली, मग हळूच म्हणाली, "बटाटे." घरात होते तेवढे बटाटे आणि अंडी परतून दोघी जेवायला बसल्या. बाईनं पुन्हा वाढून घेतलं, तशी लेक तिच्या कमरेकडे बघायला लागली. बाईची मान खाली गेली.

"मीच तुला चुकीचं शिकवलं गं," ती म्हणाली.

लेकीनंही आणखी घ्यायला ताट पुढे केलं.

मावशी मात्र अजूनही येते ती जेवूनच.