अण्णांचा मुरलेला चुना

परक्या देवाच्या घरासाठी इतका भांडलेला माणूस अख्ख्या बंगळूरात दुसरा झाला नसेल. आमचे हे चुलतसासरे, सगळ्या गल्लीचे अण्णा, सरकारी ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते आणि माणसांपेक्षा भिंतींवर त्यांचा भरवसा जास्त. मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी आमची भिंत टकटक वाजवली आणि जाहीर केलं, "गिलावा पोकळ आहे. मुलगा चालेल." जुनी भिंत दिसली की नखाने खरवडून ते कण जिभेवर ठेवायचे. बनशंकरीच्या देवळात एका मुंजीला त्यांनी भर पंगतीत पाठीमागची भिंत चाखली. यजमानीणबाई दिवसभर आमच्याशी बोलल्या नाहीत!

हेब्बाळच्या पलीकडे, सायकलने दोन तासांवर, एका खेड्यात मातीच्या भिंतींचं जुनं चर्च होतं. नोकरीत असताना रस्ता मोजायला गेलेले अण्णा तिथेच अडकले. दर रविवारी घरची देवपूजा आटोपून, कपाळावर गंध तसंच ठेवून, स्वारी चर्चला निघायची. तिथल्या एका म्हातारीला बोलतं करून त्यांनी जुनी चाल शोधून काढली होती. पूर्वी चर्चच्या सणाआधी प्रत्येक घर गुळाचा खडा आणायचं, तो गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून चुना मुरवायचा आणि गावाने मिळून भिंती लिंपायच्या. मोडलेली ती चाल अण्णांनी पुन्हा उभी केली. चुना मात्र मुरायचा अण्णांच्याच परसात, तीन-तीन महिने, आणि त्याचा आंबूस वास थेट स्वयंपाकघरात. काकू म्हणायच्या, "लोकांकडे लोणचं मुरतं, आमच्याकडे भिंत मुरते." अण्णांना घाई खपायची नाही. मनासारखा हात बसला नाही की गेल्या रविवारचं लिंपण या रविवारी खरवडून काढायचे. चर्चची किल्ली सांभाळणारा चिन्नप्पा हात जोडायचा, "अण्णा, स्वल्प लवकर होऊ दे ना!" त्यावर अण्णा म्हणायचे, "तुझ्या पणजोबाने घाई केली नाही म्हणून तू इथे उभा आहेस." नऊ वर्षांत अडीच भिंती झाल्या.

मग शहरातून मोठे फादर आले, भेगा बघून गेले आणि निरोप धाडला, सणापर्यंत भिंती धड झाल्या नाहीत तर हे पाडून काँक्रीटचं बांधू. नेमके तेव्हाच अण्णा टायफॉइडने अंथरुणाला खिळले. तापातही एकच घोकणं, "चुना ढवळला का?" एक दिवस चिन्नप्पा माझ्या ऑफिसात आला. सिमेंट तेव्हा परमिटशिवाय मिळत नसे आणि परमिटं माझ्याच टेबलावरून जायची. "अण्णा उठायच्या आत भिंती करून दाखवू," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला काय कळत होतं भिंतीतलं? मोठ्या रुबाबात सही ठोकली. यशवंतपुराहून वीस गोण्या गेल्या आणि आठ दिवसांत गावाने चारही भिंती गुळगुळीत केल्या, अण्णांचा जुना चुना खरवडून.

सणाला आम्ही अण्णांना टॅक्सीने नेलं. सगळं गाव नवे कपडे घालून त्यांच्या तोंडाकडे बघत उभं. अण्णांनी भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. शेवटी म्हणाले, "सरी, ठीक. छान झालंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना टॅक्सीत मला म्हणाले, "जावईबापू, मातीच्या भिंतीला सिमेंट चालत नाही हो. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही." मी पुढे वाकून टॅक्सीवाल्याला रस्ता सांगायला लागलो.

पुढच्याच पावसाळ्यात पूर्वेची भिंत आतून चिखल होऊन बसली. बाकीचं फादरांनी पाडून घेतलं. अण्णा ढिगाऱ्यापाशी गेले आणि एवढंच विचारलं, "सिमेंट कुणी आणलं?" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. चिन्नप्पाने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "मी आणलं, अण्णा." त्यानंतर अण्णा त्याच्याशी बोलले नाहीत. दर महिन्याला तो यायचा, ओट्यावर बसायचा आणि अण्णा आतून दार लोटून घ्यायचे. मला मात्र त्याच दिवाणखान्यात चहा मिळायचा, जावयाचा मान म्हणून बशीत दोन बिस्किटं जास्त. तीन वर्षं मी तो चहा प्यालो. थू माझ्या जिनगानीवर!

अण्णा गेले त्या सकाळी चिन्नप्पा एवढं अंतर चालत आला. अंगणात माणसं होती, तो फाटकाबाहेरच थांबला, टोपी हातात घेऊन. अण्णांनी शेवटपर्यंत आत घेतलं नाही, म्हणून त्याचं पाऊल उचलत नव्हतं. मी त्याला बोलवायला उठलो तशा काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "त्याला कशाला बोलावता? ह्यांचं चर्च त्यानेच घालवलं." सगळे माझ्याकडे बघत होते. मी फाटकापाशी गेलो, चिन्नप्पाचा हात धरला आणि म्हणालो, "आत ये." एवढंच म्हणालो.