पेन्सिलीत राहिलेले कार्ड

संपादक मंडळींना आणि बाईंच्या सर्व स्नेह्यांना हुसेन मुलाणीचा नमस्कार. हा लेख फार उशिरा पोचतो आहे, त्याची आधी माफी मागतो. तुम्ही तो दिवाळीच्या आत मागितला होता. मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने बाईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहावे का, ही एक काळजी. दुसरी त्याहून मोठी. केळशीकरबाईंच्या नावाचे एक कार्ड आमच्या वाचनालयात अजून पेन्सिलीत आहे. ते या महिनाअखेर शाईत आले नाही, तर बाईंनी जन्मभर जे दुसऱ्यांच्या बाबतीत होऊ दिले नाही, तेच त्यांच्या बाबतीत होईल. सगळे क्रमाने सांगतो, चुकले तर सांभाळून घ्यावे.

मुळशी तालुक्यातल्या बाजाराच्या गावी आमचे वाचनालय. मी तिथे शिपाई होतो. पुस्तके झाडायची, फाटलेली शिवायची आणि अक्षर बरे म्हणून पुस्तकांच्या नोंदीची कार्डे लिहायची, हे माझे काम. वत्सला केळशीकरबाई ग्रंथपाल म्हणून आल्या त्या दिवशी पुण्याहून सकाळच्या एसटीने आल्या, खुर्चीवर बसल्याच नाहीत. कार्डांचा खण ओढून एक कार्ड काढले आणि हे अक्षर कोणाचे, असे विचारले. मी घाबरत ‘माझे’ म्हणालो. अक्षर छान आहे म्हणाल्या. मग ‘लेखक’ या शब्दावर बोट ठेवले. “आणि हा शब्द कोणाचा?”

तो सगळ्याच कार्डांवर असतो, असे मी सांगितले.

“सगळ्यांनी लिहिलंच असेल कशावरून?”

ते कार्ड होते औषधी झाडपाल्याच्या एका वहीचे. एका निवृत्त गुरुजींनी ती लिहून वाचनालयाला दिली होती. आत पहिल्याच पानावर त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले होते की माहिती डोंगरावरच्या वाडीतल्या धोंडाबाईंची. मी ते पान वाचले नव्हते. पुठ्ठ्यावरचे नाव उतरवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन वाडीवर गेल्या. धोंडाबाई हिरड्याची पोती भरत होत्या. बाईंनी कार्ड वाचून दाखवले आणि तुमच्या नावापुढे काय लिहू, असे विचारले. त्या हसल्या.

“लिवनारी मी न्हाई बाई. मला कुटं लिवता येतंय? मास्तर दोन पावसाळे हितं बसत व्हता, मी सांगत व्हते.”

“मग ‘सांगणारी’ लिहू?”

“लिव. पर निम्मी झाडं मला सासूनं दावली हायेत. तिचं बी टाक, न्हाई तर सपनात येऊन भांडंल.”

त्या कार्डावर दोघी सासूसुना ‘सांगणारी’ झाल्या आणि गुरुजी ‘लिहून घेणारे’. गुरुजींना ते लागले. भर वाचनालयात म्हणाले, “उद्या झाडांनाही विचारायला जा.” बाई म्हणाल्या, “झाडं बोलायला लागली की जाईन, गुरुजी. तोवर तुम्हीच सांगा, ‘लिहून घेणारे’ हे खोटं आहे का?” गुरुजी उठून गेले. चार-पाच महिने आले नाहीत. मग एक दिवस आले, खण ओढला, ते कार्ड बराच वेळ पाहिले आणि दुसऱ्या वहीसाठी कोरे कार्ड मागून नेले. त्यावर त्यांनी स्वतःच सांगणाऱ्याचे नाव वर लिहून आणले.

तेव्हापासून बाईंची एक रीत पडली. नाव शाईने, नावापुढचा शब्द पेन्सिलने. ज्याचे नाव आहे त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारायचे, त्याने होकार दिला की मगच शब्दावर शाई. छापील पुस्तकांचे सोपे होते, लेखक, संपादक, भाषांतरकार असे पुस्तकातच असते. आमच्या तालुक्यातल्या हस्तलिखित वह्यांचे तसे नव्हते. त्यांच्यासाठी बाईंनी शब्द जमवायला घेतले.

माझ्या हातून मोठी चूक झाली ती याच रीतीत. वाचनालयाच्या तपासणीला साहेब येणार होते. पेन्सिलीची कार्डे पाहून काम अर्धवट आहे असा शेरा पडेल, या धास्तीने मी बाई नसताना सगळ्या पेन्सिलीतल्या शब्दांवर शाई फिरवली. न विचारलेल्याही. बाईंनी आल्यावर खण पाहिला. मला वाटले, नोकरी गेली. त्यांनी साहेबांना सांगितले, “पद्धत माझी आहे, तेव्हा चूकही माझी.” पुढचे दोन महिने आम्ही दोघे सुट्टीच्या दिवशी घरोघर जाऊन विचारत होतो. एकदाही त्यांनी मला त्या चुकीची आठवण करून दिली नाही.

त्यात भरे गावची एक भजनांची वही होती. ती दोघा भावांची, पण मी एकट्या धाकट्याला ‘रचणारा’ करून टाकले होते. थोरला दुधाचे कॅन धूत होता, मान वर न करता म्हणाला, “रचलं त्यानंच. पर चाल माझी हाय. ती कुटं लिवनार तुमी?” दोघे भाऊ तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते. बाईंनी तिथेच कार्डावर थोरल्याचे नाव घातले आणि पुढे लिहिले, ‘चाल लावणारा’. दोघांनी एकाच कार्डावर मान्य म्हणून सह्या केल्या. मी न विचारता शाई फिरवलेला शब्द अजून त्या कार्डावर तसाच आहे. मी नवे कार्ड लिहितो म्हणालो, तर बाईंनी लिहू दिले नाही.

असे जमलेले शब्द बाईंनी निवृत्तीच्या आधी एका वहीत उतरवले. कोणाला काय म्हणायचे, कधी म्हणायचे, कोणाला विचारून म्हणायचे. बाई सांगत गेल्या आणि स्वच्छ प्रत मी लिहून घेतली. तिचे कार्ड करायची वेळ आली तेव्हा बाईंनी आपल्या नावाखाली माझे नाव लिहायला सांगितले. मी ऐकेना. म्हणालो, मी फक्त अक्षर काढले.

बाई म्हणाल्या, “‘फक्त’ हा शब्द आपल्या यादीत नाही, हुसेनभाई.”

तरी मी हट्ट धरला. त्या म्हणाल्या, तुमचे ठरले की माझेही ठरवू. त्यांच्या नावापुढची जागा कोरी राहिली, माझे नाव पेन्सिलीत राहिले. त्यांना काय आवडेल ते मी विचारले नाही, आणि माझे उत्तरही दिले नाही. आज आम्ही दोघेही म्हातारे झालो.

आता या महिनाअखेरपर्यंत सगळी कार्डे संगणकावर चढायची आहेत. नव्या ग्रंथपाल प्रियांकाताई मनापासून काम करतात, बाईंचे सगळे शब्द त्यांनी संगणकात घेतले. पण त्या म्हणाल्या, “काका, जागा कोरी सोडली तर तो आपोआप ‘लेखक’ धरतो. आणि पेन्सिलीतलं नाव मी घेऊ शकत नाही.” म्हणजे बाईंच्याच कार्डावर न विचारलेला शब्द बसणार. यामुळे मला जेवण गोड लागत नाही.

बाई भुकूमला भाचीकडे असतात. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि मागच्या आठवड्यात भाचीने ताप आहे म्हणून सांगितले. मी एसटीने गेलो. सगळ्या इमारती सारख्याच. फाटकावरचा रखवालदार हिंदीत फ्लॅटचा नंबर विचारत राहिला, मला तो ठाऊक नव्हता, आणि भाचीचा फोन लागेना. परत आलो. आता ताप उतरला असे कळते, पण माझ्या मनातली धाकधूक उतरत नाही.

म्हणून संपादकांना विनंती, हे पान छापायच्या आधी बाईंना वाचून दाखवा. मोठ्याने वाचा, डाव्या कानाशी.

बाई, माझे ठरले. माझ्या नावापुढे ‘लिहून घेणारा’ लिहा, मला मान्य आहे. उशीर झाला, माफ करा. तुमच्या नावापुढचा शब्द मात्र तुम्हीच सांगायचा, मी तो ठरवणार नाही. पंचाहत्तरी पार पडली, आता शंभरी गाठा, अंगात ताकद राहो आणि कानांना ऐकू येवो, अजून पुष्कळ जणांना विचारायचे राहिले आहे. शाईची दौत भरून मी रोज दहाला वाचनालयात येऊन बसतो. महिनाअखेर जवळ आली आहे. एकच शब्द आहे, बाई, कोणाकडूनही पाठवा, पण लवकर पाठवा.