कोयत्याचा प्रश्न

"आधी तुजा सांग."

एवढं म्हणून ती प्रश्नावलीचा कागद उलटा करायची, माझ्यापुढे सरकवायची आणि चष्म्यावरून बघत बसायची. विचारणारीला ज्याचं उत्तर देता येत नाही, ते दुसऱ्याला विचारायचं नाही, हा तिचा कायदा.

ती कळव्याची कोळीण. मानसिक आजारातून माणसं कशी सावरतात, यावर आमच्या ठाण्याच्या ऑफिसात संशोधन चालायचं. ज्यांनी तो आजार स्वतः काढलाय, त्यांनाच प्रश्न तयार करायला बसवायचं असं ठरलेलं, म्हणून ती आमची सल्लागार. काही वर्षांपूर्वी सहा महिने इस्पितळात होती. गोळ्या अजून चालू होत्या. आम्ही तिला ताई म्हणायचो, ती सगळ्यांना बाय म्हणायची. एकदा आमच्या सरांनाही म्हणाली. सर बिचारे "ओ" म्हणाले.

"गेल्या पंधरा दिवसांत तुम्हाला आयुष्य अर्थपूर्ण वाटलं का?" मी वाचलं.

"आधी तुजा सांग."

आई जाऊन चार महिने झालेले, आणि मला रडू आलेलं नव्हतं. सकाळी डबा भरायचा, संध्याकाळी घासायचा, एवढंच चाललेलं.

"नाय ना येत? मग खोड तो. जेवलीस का, ता विचार."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात सोड्यांची, सुकवलेल्या कोलंबीची, पुडी ठेवली. "वांग्यात घाल," म्हणाली. मी घातले. चव लागली नाही, पण जेवले.

मग सरांचा वाढदिवस आला. सरांना डायबेटिस, म्हणून केकऐवजी कलिंगड. ती उठली आणि तिने सुरी उचलली.

"असू दे ताई, मी कापते," म्हणत मी ती तिच्या हातातून काढून घेतली. अगदी गोड आवाजात, बरं का. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला मी गुणाची वाटले असते. तिने आयुष्यात कुणाला बोट लावलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. हात मात्र गेला तो गेलाच. तिने आपली फोड खाल्ली आणि बिया बशीच्या कडेला ओळीने लावून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "येक प्रश्न घाल. घरची मानसं तुमच्या हातात कोयता देतात का?"

मासे कापायचा कोयता. ती इस्पितळातून घरी आली तेव्हापासून वहिनी तो माळ्यावर ठेवायची. मासे वहिनी कापायची आणि ही जातीची कोळीण शेजारी बसून लसूण सोलायची.

"डाक्टर म्हनतो बरी झाली. कोयता मिळंल तवा मी बरी."

"घालते," मी म्हटलं. आता 'आधी तुजा सांग' म्हणेल म्हणून मी अंग चोरून बसले. नाही म्हणाली.

तो प्रश्न सरांनी काढून टाकला, असं मी ऑफिसात सांगितलं. खोटं. सरांपर्यंत तो पोचलाच नाही. टाइप करताना मला कलिंगड आठवलं आणि मीच तो गाळला.

पहिली मुलाखत दिवा स्टेशनजवळ एका बाईच्या घरी होती. आम्ही दोघी गेलेलो. त्या घरात दोन दिवस पाणी नव्हतं, तरी त्या बाईने आमच्यापुढे चहा ठेवला. ताईने छापील पानं शेवटपर्यंत चाळली. मग पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"असू दे," ती म्हणाली.

आणि एकेक छापील प्रश्न तिने नीट विचारला. माझ्याकडे एकदाही वळली नाही. पुढच्या आठवड्यापासून ती यायची थांबली. फोन केला की वाजून बंद व्हायचा.

दोन महिन्यांनी मी कळव्याला गेले. फॉर्मच्या शेवटी तिचा प्रश्न पेनाने लिहून नेलेला. वहिनी दारात बांगडे कापत बसलेली.

"ती गेली ना, बाय. तापाचा निमित्त. पंधरा दिस झाले."

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे तेवढं कळत होतं. हातातल्या फॉर्मची मी घडी घातली, उलगडली, परत घातली.

"त्यांच्या हातात कधी दिलात का हा?" मी कोयत्याकडे बघून विचारलं.

"नाय. भ्याव वाटायचा." तिने पाण्यात हात बुडवले. मग वर बघून, अगदी साधेपणाने विचारलं, "तुमच्या हापिसात द्यायचे काय?"

"नाही," मी म्हटलं.

हे मी आधी सांगायला हवं होतं. तिला.